महिन्यानंतरची परीक्षा

सरांना कुणाच्या घरी न्यायचं म्हणजे मला धास्ती वाटायची. बारसं असो, साखरपुडा असो, माणूस चपला काढतो न काढतो तोच भिंतीवर टकटक सुरू. आमच्या लॅबमधल्या एका सहायकाचे वडील गेले तेव्हा आम्ही चार-पाच जण भेटायला शिरवण्याला गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले. सर भिंतीला टेकून बसले आणि थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात हळूच पाठीमागे गेला. बोटाच्या पेरानं एकदा इथे, एकदा तिथे. मी डोळे वटारले तेव्हा हात मांडीवर आला. निघताना त्यांनी त्या सहायकाला बाजूला घेतलं. मला वाटलं, सांत्वन करताहेत. ते म्हणत होते, "खिडकीखालचा गिलावा सुटलाय. तेरावं झालं की बघून घ्या. तोवर तिथं कोणाला झोपवू नका."

मी नेरूळच्या आमच्या पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिलच्या विभागात लागले तेव्हा सर तिथले सगळ्यांत जुने मास्तर होते. मूळचे परभणीकडचे. इतकी वर्षं नवी मुंबईत काढूनही बोलण्यातला 'करू लागले, म्हणू लागले' काही गेला नव्हता. उंच, किंचित वाकलेले, बाराही महिने हातात छत्री. छत्री पावसासाठी नव्हती. तिच्या टोकानं छत ठोकता येतं म्हणून होती. भरीव छत कसं वाजतं आणि आतून सुटलेलं कसं वाजतं, हे ते पोरांना डोळे मिटायला लावून ऐकवायचे. प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये बोलावणं आलं तरी बोलता बोलता एक टोला तिथेही बसायचा, आणि प्रिन्सिपल वैतागून म्हणायचे, "अहो, ही बिल्डिंग ठीक आहे हो." सर म्हणायचे, "सध्या आहे."

त्यांचा विषय होता इमारतींची देखभाल आणि दुरुस्ती. शेवटच्या वर्षाला. इतर कॉलेजांत हा विषय म्हणजे पाय मोकळे करायची जागा. गळतीची कारणं सांगा, उपाय सांगा, आकृती काढा, झालं. सरांना ते पटायचं नाही. हे शहर एका दमात उभं राहिलं, त्यामुळे त्याच्या इमारती म्हाताऱ्याही एका दमातच व्हायला लागल्या आहेत, आणि इथल्या प्रत्येक दुसऱ्या घरात कुणीतरी पावसाळ्यात बादली लावून झोपतं, हे ते पहिल्याच तासाला सांगत. मग फळ्यावर लिहीत: 'सोमवारी सकाळी तू काय करशील?' म्हणजे डिप्लोमा हातात आला, कुणीतरी तुला घरी बोलावलं, छताखाली उभं केलं. आता?

अभ्यासक्रम ते शेवटून बांधत. आधी तो सोमवार ठरवायचा, मग त्यासाठी पोराला काय यायला हवं ते, मग ते यायला कुठला तास कशात घालवायचा ते. पुस्तकातले निम्मे धडे या हिशेबात बसत नसत. ते धडे सर दोन तासांत गुंडाळून टाकत आणि उरलेल्या वेळात पोरांना कॉलेजच्याच संडासांच्या छताखाली उभं करत.

एकदा कॉलेजात अध्ययन-निष्पत्तींवर, म्हणजे शिकून झाल्यावर पोराला काय यायला हवं यावर, कार्यशाळा झाली. पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. दिवसभर स्लाइड, तक्ते, बाण. प्रत्येक विषयाच्या निष्पत्ती लिहा, त्या अमुक क्रियापदानं सुरू करा, मग त्या सबंध अभ्यासक्रमाच्या निष्पत्तींशी जोडा, एक-दोन-तीन असे आकडे भरा. सर शेवटच्या बाकावर बसून शांतपणे ऐकत होते. प्रश्नोत्तरांत उठले आणि म्हणाले, "साहेब, हे आजचं आमाला आलं का नाही, हे तुमी कसं बघणार?" तज्ज्ञ म्हणाले, "फीडबॅक फॉर्म आहे ना." सर 'बरं' म्हणून खाली बसले. त्या आवाजातला निरागसपणा खरा होता की आव होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते तक्ते सरांना भरता येत नसत. दर वर्षी मीच त्यांचे भरून द्यायची आणि मनातल्या मनात कुरकुरायची.

खरी भानगड होती ती परीक्षेची. या विषयाचे पन्नास गुण कॉलेजकडे असत आणि ते कसे द्यायचे हे शिक्षकावर सोडलेलं होतं. सर रविवारी रविवारी आसपासच्या सोसायट्यांत हिंडून सेक्रेटरींना गाठत आणि गळकी घरं जमवत. मग प्रत्येक मुलाला एक घर. त्यानं जायचं, पाहायचं, ठोकायचं, पाणी कुठून येतंय ते शोधायचं आणि घरातल्या माणसाला समजावून सांगायचं. तेही घरात दिवसभर जो असतो त्यालाच. कमावता माणूस चालणार नाही, कारण छत त्याच्या डोक्यावर नसतं, तो ऑफिसात असतो. धोक्याचं काही निघालं तर सर ते स्वतः सेक्रेटरीला कळवत, पण परीक्षा होती ती घरच्या माणसाला सांगण्याची.

सुरुवातीला गुणही घरचंच माणूस द्यायचं. ती योजना एका वर्षात बुडाली. सगळ्यांना पन्नासपैकी पन्नास. वाशीच्या एका काकूंनी तर मुलाला दोन वेळा जेवू घातलं, पन्नासपैकी साठ दिले आणि सरांना फोन करून विचारलं की मुलाचं कुठे जमलंय का. आपल्याकडे घरी आलेल्या पोराला कोण नापास करणार? सर हसले नाहीत. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि नवा नियम काढला.

महिनाभरानं सर स्वतः त्या घरी जाणार. घरच्या माणसाला एवढंच विचारणार: "आमच्या पोरानं काय सांगितलं होतं?" त्या माणसाला जेवढं सांगता येईल तेवढे मुलाचे गुण. मुलाचा अहवाल सर वाचायचे, पण गुण त्याला नव्हते.

पोरं हादरली. ऐरोलीहून येणारा एक चुणचुणीत मुलगा होता, सगळ्या परीक्षांत पहिला. त्यानं एका आजींना अर्धा तास व्याख्यान दिलं. महिन्यानं आजी म्हणाल्या, "पोरगा फार हुशार होता हो. इंग्लिश काय बोलत होता." पन्नासपैकी चार. उलट एक जेमतेम पास होणारा मुलगा. त्यानं दुसऱ्या एका आजींच्या स्वयंपाकघरात बशीत चहा ओतून पावाचं टोक बुडवलं आणि चहा वर कसा चढतो ते दाखवलं. महिन्यानं त्या आजींनी सरांना बसवून तेच पावासकट करून दाखवलं आणि वर सांगितलं, की म्हणून आता बाथरूमच्या भिंतीकडची लादी उकलून खालून औषध भरायला हवं, नुसता रंग देऊन उपयोग नाही. त्याला अठ्ठेचाळीस. दोन गुण कापले, कारण औषधाचं नाव आजींना आलं नाही.

पोरं भांडायला यायची. "सर, मी सगळं सांगितलं होतं. त्या काकू विसरल्या." सरांचं उत्तर ठरलेलं असायचं. छत्री टेकवून, आवाज न चढवता: "त्या विसरल्या नाहीत. तू सांगितलं नाहीस." विभागात या वाक्याची आम्ही थट्टा करायचो. कुणाला चहा सांगून आला नाही तर म्हणायचो, 'तो विसरला नाही, तू सांगितलं नाहीस.' थट्टा करायचो खरी, पण वर्गात मी एखादी गोष्ट शिकवून बाहेर पडले की तेच वाक्य मला टोचायचं.

या महिनाभरानंतरच्या फेऱ्यांत ते कुणाच्या घरचा चहा घेत नसत. पाण्याची स्टीलची बाटली बरोबर असे. एका घरी अगदीच आग्रह झाला तेव्हा म्हणाले, "मी परीक्षा घेऊ लागलोय हो, आणि पेपर तुमी आहात." त्या बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी कप उचलून नेला.

ही पद्धत चांगली मुरल्यावर एका वर्षी निकिता वर्गात आली. करावे गावातली. वडील खाडीत मासेमारीला जाणारे, आई सीवूड्सच्या बाजारात मासळी घेऊन बसणारी. घरात दहावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच. वर्गात आवाज निघायचा नाही, पण वहीतली रेघ सरळ. डिप्लोमा झाला की डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं असं तिनं ठरवलं होतं, आणि तिच्या गुणांवर ते सहज मिळालं असतं.

तिच्या वाट्याला नेरूळमधलं तळमजल्यावरचं एक घर आलं. मुलगा आणि सून सकाळी ऐरोलीला कामाला जायचे, घरात दिवसभर एकटे आजोबा. महाडकडचे, पूर्वी बस कंडक्टर. हॉलमध्ये खिडकीखाली त्यांची खाट, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि खाटेच्या बरोबर वर छताचा गिलावा फुगलेला, आतली सळई गंजलेली. निकितानं ते ठोकून पाहिलं, अहवालात स्पष्ट लिहिलं, सरांनी सेक्रेटरीला कळवलं, आणि काम सोसायटीच्या मीटिंगमध्ये जाऊन अडकलं, तसं ते अडकतंच. तोवर त्या छताखाली झोपू नये हे आजोबांना सांगणं ही निकिताची परीक्षा.

महिन्यानं सर गेले. आजोबांनी स्वागत केलं, बसवलं, आपल्या जुन्या बसचे सगळे थांबे ओळीनं म्हणून दाखवले. सरांनी विचारलं, "आमची मुलगी आली होती, तिनं काय सांगितलं?" आजोबा म्हणाले, "मुलगी? नाय बा. कोनी मुलगी आली नाय. मी दिवसभर घरातच असतो, मला कळलं नसतं काय?"

इतकं ठाम उत्तर सरांना कधी मिळालं नव्हतं. विसरलेला माणूस चाचपडतो, 'आली होती वाटतं' म्हणतो. हे आजोबा स्वच्छ म्हणत होते की कुणी आलंच नाही. सरांनी वर पाहिलं, छत ठोकलं, ते अजून तसंच होतं, आणि ते परत आले. दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्यांनी निकिताला उभं केलं. बाकी काही चाललं असतं, पण न जाता गेल्याचं सांगणं त्यांना चालणार नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "सर, मी गेलते. आजोबा विसरतात." आणि सरांनी आपलं वाक्य म्हटलं. शून्य गुण भरले गेले. कॉलेजच्या नियमाप्रमाणे पालकांना फोन गेला: कामात फसवणूक, विद्यार्थिनी नेमून दिलेल्या ठिकाणी गेलीच नाही.

चार दिवसांनी तिची आई माझ्याकडे आली. बाजारातून तशीच आली होती. खुर्चीवर बसायला तयार होईना.

"मॅडम, मार्काचं जाऊ द्या," ती म्हणाली. "पोर रोज सांजंला जायची. परीक्षेचं काम हाय म्हनायची, दिवेलागनीला यायची. आता तुमचं कॉलेज म्हनतंय ती गेलीच नाय. मंग ती जायची कुठं? तिचा बाप इचारतोय, मी काय सांगू?"

वडिलांनी निकिताचं बाहेर पडणं बंद केलं होतं. फोन काढून घेतला होता. डिग्रीचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. गावात कुणी काय बोलायच्या आत लग्नाचं बघू, अशी भाषा सुरू झाली होती. मला त्या फोन करणाऱ्या क्लार्कचा राग आला, सरांचा आला, आणि त्या मुलीचाही आला, की इतकं होऊनही ही तोंड का उघडत नाही.

मी कॉलेजचं काम सांगून तिला आईबरोबर बोलावून घेतलं. "रोज का जात होतीस?" विचारलं.

"त्यांना सांगितलं की ते 'हो हो' म्हनायचे, मॅडम. दुसऱ्या दिवशी गेले की विचारायचे, तू कोन? मग मी खाट सरकवली, पलीकडच्या भिंतीला. दुपारी वारा लागतो म्हनून ते परत खिडकीखाली ओढायचे. मग मी रोज जाऊन परत सरकवायचे. आनि त्यांचा हात धरून दारापासून खाटेपर्यंत चालवायचे, पलीकडच्या बाजूनं. चार-पाच वेळा. मग बसायचे थोडा वेळ."

"हे सरांना का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच भलतं विचारतेय. "ते कुठं इंजिनीअरिंग आहे, मॅडम? खाट सरकवली फक्त."

मी सरांकडे गेले. ते ऐकेनात. वीस वर्षांत प्रत्येक पोरानं हेच सांगितलंय, म्हणाले. माणसं विसरतात ही पळवाट एकदा उघडली की परीक्षा संपली. मी म्हटलं, "सर, तुम्ही परत जाऊ नका. पण मी जाणार आहे, आणि मी रिक्षात एकटी बसले तर तुम्हालाच बरं वाटणार नाही." थोड्या वेळानं ते छत्री घेऊन खाली आले.

दार आजोबांनीच उघडलं. हसून म्हणाले, "या, बसा. कुठून आलात?" सरांनी आपली ओळख सांगितली. आजोबांनी पाणी आणून दिलं आणि बसचे थांबे म्हणायला सुरुवात केली, पहिल्यापासून, सरांनी ते या जन्मी प्रथमच ऐकावेत अशा हौसेनं. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत चालला होता. थांबे संपले तेव्हा आजोबा म्हणाले, "तुमी कुठून आलात म्हनालात?"

मागच्या वेळी सरांनी छत पाहिलं होतं. या वेळी त्यांनी खाली पाहिलं. खाट पलीकडच्या भिंतीला होती, शोकेसचं दार अर्धवट अडवून, अगदी गैरसोयीची. खिडकीखालची जागा रिकामी. तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड उभा होता.

"आजोबा," सरांनी विचारलं, "खाट इथं कशी?"

"इथंच असते."

"खिडकीत वारा चांगला असंल की."

"वारा हाय. पन तिकडं नाय झोपायचं."

"का?"

आजोबांनी खिडकीखालच्या जागेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कारण कुठून तरी सापडेल असं त्यांना वाटत असावं. "नाय झोपायचं," ते पुन्हा म्हणाले. मग उठले, दारापर्यंत गेले, कडी तपासली आणि परत खाटेकडे आले. सरळ हॉलमधून चार पावलांत येता आलं असतं. ते भिंतीच्या कडेकडेनं, छताच्या त्या भागाला वळसा घालून आले.

तेवढ्यात सून आली. निकिताचं नाव काढताच म्हणाली, "ती ना? अहो, पंधरा-वीस दिवस रोज यायची. मी घरी पोचेपर्यंत थांबायची. मी म्हटलं पण, अगं तुला कॉलेज नाही का? मला वाटलं तुमच्याकडे असंच असतं. आता नाही सरकवत ते खाट. आम्हीपण सांगून थकलो होतो."

सरांनी मला 'चला' म्हटलं नाही. नुसते उठले. बाहेर येऊन सोसायटीच्या पायरीवर बसले आणि बाटलीतलं पाणी प्यायले.

"त्या माणसाला येतंय मॅडम," ते शेवटी म्हणाले. "फक्त सांगता येत नाही. आणि मी सांगायला लावू लागलो."

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये होतो. गुण बोर्डाकडे गेले होते, पोर्टल बंद झालं होतं. प्रिन्सिपल माणूस वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सोपा मार्ग सांगितला. "टायपिंग मिस्टेक लिहा. पंचेचाळीसच्या जागी शून्य पडला. अशा केसेस येतात, बोर्ड दोन दिवसांत करून देतं. उगाच पद्धत-बिद्धत लिहाल तर विचारतील, घरोघरी जाऊन मार्क देता म्हणजे काय? मग तुमचं हे सगळंच बंद होईल. मला ते नकोय, सर. पोरं त्या विषयामुळे नोकऱ्यांना लागतात."

मलाही तेच योग्य वाटलं. मी तसं म्हटलं. एक ओळ लिहायची, मुलगी पास, परीक्षा शाबूत, कुणाचंच नुकसान नाही.

सरांनी कोरा कागद ओढला. "मी भर वर्गात तिला खोटं ठरवलं," ते म्हणाले. "ते टायपिंगमधी झालं का?"

"सर, ते वर्गात जाऊन सॉरी म्हणा ना. कागदावर कशाला?"

"वर्गात एक आणि कागदावर एक?"

त्यांनी लिहिलं. विद्यार्थिनी नेमून दिलेल्या घरी नियमित गेली होती. तिनं काम उत्तम केलं. ते ओळखण्यात परीक्षकाची चूक झाली, कारण परीक्षकाची पद्धत अपुरी होती. ज्या माणसाला शिकलेलं सांगता येत नाही, त्याच्यासाठी तीत सोय नव्हती. अक्षर नेहमीसारखंच, किरटं. सही करून कागद प्रिन्सिपलसमोर सरकवला. त्या केबिनमध्ये भिंत न ठोकता ते बाहेर पडल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

मी चिडले होते. इतकी चिडले की आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. माणसानं खरं बोलावं, पण जगाचं नुकसान करून का बोलावं, असं माझं म्हणणं होतं.

बोर्डानं निकिताचे गुण दुरुस्त केले. त्याच पत्रात लिहिलं, की गृहभेटींवर आधारित मूल्यमापन तत्काळ थांबवावं आणि यापुढे सर्वांसाठी समान लेखी चाचणी घ्यावी. पद्धत अपुरी आहे म्हणून पुरी करा, असं कुणी म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी सरांनी लेखी चाचणी घेतली. घरं मात्र त्यांनी जमवलीच. वर्गात सांगितलं की मार्क नाहीत, पण ज्याला यायचं त्यानं शनिवारी गेटपाशी यावं. पहिल्या शनिवारी बरेच आले. मग चाचण्या जवळ आल्या, प्रोजेक्ट आले, आणि एका शनिवारी मी स्टाफरूमच्या खिडकीतून पाहिलं तर गेटपाशी सर एकटेच उभे. अर्धा तास थांबले, मग निघून गेले. नंतर मी म्हटलं, "पोरं स्वार्थी झालीत हो." ते म्हणाले, "नाही. परीक्षा नाही तर कशाला येतील? मी पण आलो नसतो." त्यानंतर दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि परभणीला गेले. फोनवर बोलणं होतं. ऐकू कमी येतं आता.

तो विषय आता माझ्याकडे आहे. पोरं गळतीची पाचच्या पाच कारणं लिहितात, आकृत्या सुरेख काढतात. मी पूर्ण गुण देते. एखादी उत्तरपत्रिका तपासून झाली की वरचं नाव बघते, तो चेहरा आठवते, आणि याला नेमकं काय येतं हे मला सांगता येत नाही. दर वर्षी त्या वेळी मला सरांचा पुन्हा राग येतो. एक ओळ खोटी लिहिली असती तर.

गेल्या महिन्यात सीवूड्सला निकिता भेटली. डिग्री झाली, आता जुन्या इमारतींच्या तपासणीचं काम करते. हेल्मेट काखेत, बुटांना सिमेंट. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्यानंच चहा घेतला. सरांचा विषय निघाला आणि माझी इतक्या वर्षांची मळमळ बाहेर पडली. मी तिला ती टायपिंग मिस्टेकची गोष्ट सांगितली. तिला ती माहीत नव्हती. म्हटलं, "तू तशीही पास झाली असतीस गं. आणि तुझ्यामागून येणाऱ्या पोरांचं काय काय वाचलं असतं."

तिनं काखेतलं हेल्मेट खाली ठेवलं.

"सर घरी आलते, मॅडम. करावेला. तुम्हाला नाय बोलले?" मी मान हलवली. "संध्याकाळी आले. पप्पा अंगनात जाळं शिवत होते. शेजारचे पन होते. सर उभ्यानंच बोलले, की तुमची पोरगी रोज कामालाच जात होती, चूक माझी झाली. पप्पांनी वर पन नाय बघितलं. म्हनाले, मास्तर, तुमी हितं गोड बोलाल, पन कॉलेजात काय लिवून ठेवलंय ते सांगा. सरांनी कागदाची कॉपी दिली. शेजारच्या पोरानं मोठ्यानं वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी." तिनं ग्लास ठेवला. "मार्क तर दोन्हीकडून दुरुस्त झाले असते, मॅडम. पन रोज संध्याकाळी मी कुठं जात होते, ते टायपिंग मिस्टेकनं कोनाला सांगितलं असतं?"